समोरून पाहता

आकडे आले, पण घंटा काही वाजेना.

सुदर्शनने यंत्राच्या चिमट्यातून आपलं बोट काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या डब्यावर नाडीचा आकडा बहात्तरवरून शून्यावर आला. म्हणजे त्या डब्यापुरता सुदर्शन गेलेला होता, आणि डबा गप्प बसला होता.

"सुदर्शन, तुमच्या जाण्याचं तुमच्याच यंत्राला फारसं दुःख झालेलं दिसत नाही," आमचे मालक रंगनाथराव म्हणाले आणि सगळी समिती हसली. मीही हसले. मालक बोलले की हसायचं, ही माझी अकरा वर्षांची सवय.

ही सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतल्या एका बुधवारची गोष्ट. टिळक रोडवर कारखानदारांच्या एका संघटनेच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत आमची समिती बसायची. इस्पितळात खाटेशेजारी नाडी आणि श्वास मोजणारी यंत्रं असतात, ती तारेने नर्सच्या टेबलावरच्या डब्याला जोडायची असतात. तोवर प्रत्येक कंपनीची तार निराळी. एकाची दुसऱ्याला बसेल तर शपथ. त्यात आता परदेशी कंपन्या आपापली यंत्रं घेऊन यायला लागल्या होत्या. आपण असेच वेगवेगळे राहिलो तर सगळेच बुडू, अशी धास्ती घेऊन पुण्यातल्या या लहान कारखानदारांनी ठरवलं, की सगळ्यांची केबल एकच असावी, नऊ पिनांचा कनेक्टरही एकच असावा, आणि कुठल्या पिनेतून काय जायचं ते एकदा कायमचं लिहून टाकावं. याला ते लोक 'स्टँडर्ड' म्हणत. लिहून टाकायचं काम माझं.

मी श्यामला. बिबवेवाडीत रंगनाथरावांच्या केबलच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच, त्याला कुणाचा इलाज नव्हता. अक्षर चांगलं म्हणून समितीच्या आकृत्या आणि इतिवृत्त माझ्याकडे. दहा पुरुष बोलणार आणि मी लिहिणार.

आणखी एक आधीच सांगून टाकते. मी घाबरट आहे. गॅसचं बटण तीनदा बघते, कुलूप चारदा ओढते. आमच्या ह्यांनी, म्हणजे गोपाळकृष्णांनी, पिंपरीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा कंपनीची होती. तेव्हापासून घरात माझी एकटीची नोकरी उरली आणि माझा घाबरटपणा दुप्पट झाला. मालकांनी आत बोलवायची घंटी वाजवली तरी मला वाटे, झालं, आपला नंबर लागला.

तर सुदर्शन. वारज्याच्या एका छोट्या कंपनीचा इंजिनिअर, तिशीचा, सरळ मुलगा. सगळे हसले तसा कानापर्यंत लाल झाला. त्याने आमची केबल उपसून काढली, टोकाचं झाकण स्क्रू काढून उघडलं आणि ते टोक आम्हा दोघांच्या मध्ये धरलं. मी टेबलाच्या पलीकडे, त्याच्या समोर.

"मॅडम, तुमच्या आकृतीत इशाऱ्याची तार खालच्या ओळीत डावीकडून पहिली आहे ना? समोरून?"

"हो, समोरून," मी म्हटलं आणि बोट ठेवलं. त्यानेही त्याच्या बाजूने बोट ठेवलं. आमची बोटं एकाच ओळीच्या दोन टोकांना.

"तुमची डावी माझी उजवी होतेय, मॅडम," तो हसून म्हणाला.

घंटेच्या इशाऱ्याची पांढरी तार त्याच्या बोटाखाली होती. माझ्या बोटाखाली काहीच नव्हतं.

तेवढ्यात रंगनाथरावांनी केबल त्याच्या हातातून घेतली. आमची प्रत्येक केबल तपासणीच्या डब्यावर घंटा वाजवूनच बाहेर पडते, आधी तुमचं यंत्र बरं करून आणा, असं म्हणत त्यांनी ती गुंडाळून स्वतःच्या बॅगेत टाकली. जरा घाईनेच टाकली, हे मला नंतर आठवलं. त्या क्षणी मला काहीच दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त ती पांढरी तार.

काय झालं होतं ते सांगते, अवघड नाही. कनेक्टरला दोन तोंडं असतात. एक यंत्रात शिरतं. दुसरं मागचं, तिथे तारा कथलाचा डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, चिकटवतात. समितीच्या इंग्रजी कागदात 'फ्रंट' म्हणजे यंत्रात शिरणारं तोंड. कारखान्यातल्या बायकांसाठी तोच कागद मराठीत मी केला आणि आकृतीखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'समोरून पाहता.' मोठी छान ओळ वाटली होती मला. पण केबल जोडणाऱ्या द्वारकाबाई स्टुलावर बसत, कनेक्टर शिकंज्यात पकडत, आणि त्यांच्या पुढ्यात यायचं ते मागचं तोंड. त्यांचं समोर म्हणजे ते. त्यांनी खालच्या ओळीतल्या त्यांच्या डाव्या टोकाला इशाऱ्याची तार चिकटवली, ती यंत्राच्या दृष्टीने उजव्या टोकाला गेली. तिथे राखीव पिन, म्हणजे रिकामी. आकड्यांची तार वरच्या ओळीतल्या मधल्या पिनेची, ती कुठूनही पाहिली तरी मधलीच. म्हणून आकडे दिसत. फक्त घंटा वाजत नसे.

चांगल्या कनेक्टरवर पिनांचे बारीक आकडे असतात. आमचे स्वस्तातले, त्यांवर नव्हते. आणि तपासणीचा डबा? तोही द्वारकाबाईंनीच त्याच कागदावरून जोडलेला. डबा उलटा, केबल उलटी, दोघांचं छान जमलं आणि आमच्याकडे घंटा रोज वाजली.

अशा सहा केबली आठवड्यापूर्वी एका इस्पितळात प्रयोग म्हणून बसवल्या होत्या. सहा खाटांना. बसवताना आकडे दिसले तशा टाळ्या झाल्या, पेढे झाले. घंटा वाजवून बघावी असं कुणालाही सुचलं नाही.

हे सगळं मला त्या खोलीत चहाचा कप हातात असताना कळलं. आणि मी काय केलं? इतिवृत्तात लिहिलं: 'श्री. सुदर्शन यांच्या यंत्राच्या इशारा-व्यवस्थेत दोष आढळला.' माझ्या सुंदर अक्षरात. रंगनाथरावांनी वाकून वाचलं आणि मान हलवली.

कोथरूडला जाणाऱ्या बसमध्ये मी स्वतःला समजावत आले. खाटेशेजारचं यंत्र बारीक वाजतंच की. नर्स फिरत असतातच. आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे आमच्या सगळ्या कारखान्यांना वीजकपातीची साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी बघू, शांतपणे बोलू. घरी ह्यांनी विचारलं, चेहरा असा का? म्हटलं, पित्त झालंय.

गुरुवारी सकाळी कणीक मळायला बसले आणि कणकेत हात तसेच राहिले. आमच्या सोसायटीत खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती काही सुरू होईना, आणि मला वाटायला लागलं की ती सुरू झाली तर सगळं ठीक आहे. असला वेडेपणा. ती नाहीच झाली. मी हात धुतले आणि कोपऱ्यावरच्या पीसीओत गेले.

इस्पितळात फोन लागला. बाईचा आवाज आला, "बोला." म्हटलं, तुमच्या त्या नव्या सहा खाटांच्या घंटा जरा तपासून घ्या. "कोण बोलतंय आपण?" मी फोन ठेवला. ठेवला, काय करू! कोण बोलतंय हे सांगितलं की नोकरी, घर, ह्यांची औषधं, सगळंच त्या तारेवर लटकलेलं. काचेच्या त्या डबीत मी उभी होते आणि बाहेर एक गृहस्थ घड्याळ दाखवून मला बाहेर यायची खूण करत होते. तेव्हा माझ्या मनात आलं, की निनावी फोनवर कुणी यंत्रं उघडून बघत नाही. बायकांच्या निनावी फोनवर तर नाहीच.

मी साडी न बदलता बस पकडली.

त्या वॉर्डात पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. दाराजवळ टेबल, टेबलावर डबा, डब्यावर सहा आकडे, सहाही कसे शहाण्यासारखे. सिस्टर नम्रता म्हणून पंचविशीची मुलगी होती. मी काय सांगतेय ते तिला पहिल्यांदा कळेना, कारण मी धड सांगतच नव्हते. मग मी म्हटलं, कुठल्याही एका पेशंटच्या बोटाचा चिमटा काढून बघा. ती दोन नंबरच्या खाटेकडे गेली. तिथे एक म्हातारे गृहस्थ उशीला टेकून मोसंबी खात होते. तिने चिमटा काढला. खाटेशेजारचं यंत्र बारीक किणकिणलं. टेबलापाशी मला ते ऐकू आलं नाही, दिसलं फक्त. डब्यावर आकडा शून्य झाला आणि डबा तसाच बसून राहिला.

सिस्टर परत आली ती एकदम हळू चालत.

"परवा दुपारी यांचीच नाडी बसली होती," ती म्हणाली. "जावई धावत आले म्हणून कळलं. आम्हाला वाटलं, घंटेची जोडणी अजून व्हायची असेल."

मी त्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मला मोसंबीची फोड दाखवून, घेता का, अशी मान केली. कुणीतरी भेटायला आलेली बाई समजले असावेत.  परवा म्हणजे मंगळवार. मंगळवारी मला काहीच ठाऊक नव्हतं, हे खरं. पण बुधवारपासून ठाऊक होतं, आणि तेव्हापासून आत्तापर्यंत त्या जावयांना घरी जावंसं वाटलं असतं तर?

सिस्टरने आपली खुर्ची उचलून खाटांच्या मधोमध नेऊन ठेवली. मग एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहून द्या. काय झालंय ते आणि तुमचं नाव. नाहीतर डॉक्टर माझं ऐकणार नाहीत."

अकरा वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं लिहिली. त्या कागदावर माझं पहिलं वाक्य लिहिताना पेन दोनदा निसटलं. अक्षर भयंकर आलं. पण खाली पूर्ण नाव, पत्ता आणि कारखान्याचं नाव लिहिलं, आणि मूळ चूक मराठी कागदात आहे, तो कागद माझा आहे, असंही लिहिलं.

शुक्रवारी कारखान्यात गेले तर द्वारकाबाईंचं स्टूल रिकामं. त्यांचा शिकंजा पुसून ठेवलेला. शेजारच्या सुशीलाबाई माझ्याकडे न बघता तारा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, बुधवारी संध्याकाळी मालक आले, हातात एक उघडी केबल होती, सगळ्यांच्या देखत द्वारकाला अडाणी म्हणाले आणि आता परत येऊ नको म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी. म्हणजे समितीतून निघून ते सरळ इथे आले होते. त्यांनी ती केबल नीट निरखून पाहिली होती. त्यांनाही कळलं होतं. माझ्यासारखेच तेही घाबरले होते, आणि घाबरून त्यांनी इस्पितळाला फोन करायच्या ऐवजी द्वारकाबाईंना काढलं. त्यांना नावं ठेवायला मला तरी तोंड कुठे होतं, एक रात्र मीही गप्पच बसले होते!

रंगनाथरावांनी आत बोलावलं. इस्पितळाचं पत्र टेबलावर होतं. ते ओरडले नाहीत. ओरडणारा माणूस परवडतो.

"इंग्रजी कागद बरोबर आहे, श्यामलाबाई. त्यात चूक नाही. त्या बाईने उलटं जोडलं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये नाव घालायला?"

"त्यांना इंग्रजी येत नाही," मी म्हटलं.  "मराठी मी लिहिलं. त्यांनी मी लिहिलं तसंच केलं."

"आणि आता समितीत काय तोंड दाखवायचं?"

"मी दाखवीन," म्हटलं. मी त्यांच्या टेबलाची कड धरून ठेवली होती.

मला त्यांनी काढलं नाही. इस्पितळाच्या पत्रात माझं नाव होतं, काढता आलं नाही असं म्हणा. द्वारकाबाईंना परत बोलावू का विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "येत असेल तर बोलवा."

त्या अप्पर बिबवेवाडीत राहायच्या, चढावरच्या एका खोलीत. मूळच्या वाशीमकडच्या, नवरा इथे बांधकामावर वॉचमन. मी गेले तर दाराशी बसून सुपात तूर निवडत होत्या. मार्केट यार्डातल्या भुसार दुकानात धान्य निवडायचं काम त्यांनी दुसऱ्याच दिवशी धरलं होतं. ज्या बोटांनी केसाएवढ्या तारांना डाग दिले ती बोटं तुरीतले खडे टिपत होती, तितक्याच वेगाने. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कुठला शब्द, कुठली बाजू, कुठली घंटा.  संपल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"कोनाले काई झालं त नाई ना, बाई?"

नाही, म्हटलं. कुणालाही काही झालं नाही.

त्यांनी डोळे मिटले. दोन दिवस ही बाई काय विचार करत बसली असेल, ते मला तेव्हा कळलं. त्यांना केबल कुठे जाते ते ठाऊक होतं. मालकांनी अडाणी म्हटल्याचं त्यांच्या मनात मागे राहिलं होतं, पुढे होता तो हा एकच प्रश्न. दोन दिवस त्यांनी ते एकटीने सोसलं होतं, आणि मी कोथरूडमध्ये पित्ताचं सोंग घेतलं होतं.

मी म्हटलं, चला परत, मालक घेतायत. त्या हसल्या. आता तिथे बसून हात कापतील, म्हणाल्या, डाग नीट बसणार नाही. मग, तक्रार म्हणून नव्हे, नुसतंच बोलल्या, "समोर म्हनजे मले जे दिसते तेच न, बाई?"



पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. दहा पुरुषांपुढे उभं राहायची ती पहिलीच वेळ. "मागच्या इतिवृत्तात मी एक ओळ खोटी लिहिली आहे," मी म्हटलं. "दोष सुदर्शन यांच्या यंत्रात नव्हता. दोष एका शब्दात होता आणि तो शब्द माझा होता." रंगनाथराव पेनाचं टोपण काढत-घालत होते. सुदर्शन पुन्हा लाल झाला, या वेळी कशाने कोण जाणे. मग मी सूचना मांडली, की 'फ्रंट' हा शब्द या स्टँडर्डमध्ये कुठेच नको. 'समोरून' तर नकोच नको. कनेक्टरच्या दोन्ही तोंडांना नावं द्यावीत. यंत्रात शिरणारी ती एम-बाजू. जोडणाऱ्या माणसाच्या पुढ्यात येते ती डी-बाजू. प्रत्येक आकृती दोन्ही बाजूंनी काढावी, आणि कुठलीही जोडणी घंटा वाजवून बघितल्याशिवाय पुरी झाली असं मानू नये.

अध्यक्षांनी विचारलं, एम म्हणजे मशिन, समजलं. पण डी कशासाठी?

"डागाची," मी म्हटलं. सगळे हसले आणि मंजूर झालं. तेवढं एक खोटं मी पुन्हा बोलले, आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही.

छापील प्रत यायला वर्ष लागलं. पहिल्या पानावर समितीची दहा नावं, शेवटी लहान टाइपात माझं, लेखनसाहाय्य म्हणून. एवढ्या काळात माझा घाबरटपणा गेला असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. उलट आता एक भर पडलीय. रोज घरी आले की किल्ली हातात असतानाही मी आधी बेल दाबते. वाजली की मग कुलूप काढते. हे आतून म्हणतात, "वाजतेय, वाजतेय, या आता."

ती प्रत घेऊन मी एका गुरुवारी अप्परला गेले. द्वारकाबाईंनी मला आत बसवलं, चहा टाकला, आणि मग माझ्या पुढ्यात बसल्या. मध्ये सूप होतं, ते त्यांनी बाजूला केलं. मी जमिनीवर पान उघडून ठेवलं. आकृतीखाली ठळक इंग्रजी अक्षर होतं, त्याच्यावर बोट ठेवलं.

हे काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हे डी. ही तुमची बाजू. आता कुणीही, कुठेही ही केबल जोडायला बसलं की आधी या बाजूने बघणार.

"माही?"

"तुमची. द्वारकाबाईंची."

त्यांनी पदराला हात पुसले आणि वाकून बघायला लागल्या. पण पान माझ्याकडे सरळ होतं, त्यांना सगळं उलटं दिसत होतं. त्या मान वाकडी करून बघत राहिल्या. मग माझ्या लक्षात आलं. मी पान उचललं, त्यांच्याकडे सरळ केलं आणि मला उलटं दिसणारं एकेक अक्षर लावत त्यांना वाचून दाखवलं.